टूरवरच अडकणारा दुसरा लॅपटॉप

“मॅडम, गेम काढा, पण माझं सेव्ह केलेलं तेवढं जाऊ देऊ नका,” स्नेहल म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. नोकरीवर बेतलेलं, आणि हिला गेमची काळजी.

स्नेहल राणे आमच्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट. आम्ही हॉस्पिटलांना रक्त तपासायची मोठी मशीन्स विकतो. ती मशीन्स जागेवर जाऊन चालू करायची आणि तिथल्या टेक्निशियनना शिकवायची, हे तिचं काम. त्यामुळे निम्मा महिना ती फिरतीवर. कधी सोलापूर, कधी नांदेड, कधी जळगाव. मी परळच्या ऑफिसात आयटी सांभाळते. लॅपटॉप बंद पडला, पासवर्ड विसरला, प्रिंटर रुसला, की लोक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात.

झालं होतं असं. सोलापूरच्या एका हॉस्पिटलात मशीनचं सॉफ्टवेअर टाकताना स्नेहलचा लॅपटॉप अर्ध्यावर थांबला. डिस्क भरली होती. तिथल्या डॉक्टरांनी थेट वर तक्रार केली. मी इथून रिमोट घेतला, म्हणजे इंटरनेटवरून तिचा स्क्रीन माझ्या टेबलावर आणला. बघते तर डिस्कचा मोठा तुकडा एका गेमने खाल्लेला. ट्रक चालवायचा गेम.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण हा लॅपटॉप पेशंटचे रिपोर्ट काढणाऱ्या मशीनला जोडतात. त्यावर कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरशिवाय काहीही चालत नाही. ऑफिसातल्या इतरांना आम्ही साधं कॅल्क्युलेटरही टाकू देत नाही. फील्डवरच्या लोकांना मात्र मशीनसाठी अ‍ॅडमिन राइट्स, म्हणजे हवं ते टाकायची परवानगी, द्यावीच लागते. ती विश्वासावर दिलेली असते.

आमचे ऑपरेशन्स हेड देसाई सर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“वय काय तिचं?”

“चौतीस असेल, सर.”

“आणि ट्रक चालवते?”

“गेममध्ये.”

“तेच म्हणतोय मी. रमी-बिमी असती तर कळलं असतं. ट्रक काय?”

मलाही कळलं नव्हतं. पहिलीच वेळ होती, काम चांगलं होतं, म्हणून लेखी समज देऊन प्रकरण मिटलं. पुन्हा सापडलं तर थेट घरी, हे सरांनी तिला तोंडावर सांगितलं. ती बाहेर आली आणि माझ्या टेबलाशी थांबली.

“मॅडम, मग मी स्वतःचा दुसरा लॅपटॉप घेते. टूरवर नेईन. कोणता घेऊ?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. उत्तर ठरलेलं असतं. बजेट सांग, काम सांग, दोन नावं लिहून देते. या वेळी तसं झालं नाही.

“काय काय हवंय?” मी विचारलं.

“हलका हवा. ऑफिसचा लॅपटॉप, टूलकिट, कपडे, सगळं एकाच सॅकमध्ये असतं. पाठ जाते माझी.”

“बरं.”

“पण गेम अडकता कामा नये. अजिबात.”

“मग जड होणार.”

“जड नको मॅडम.”

इथे थोडं समजावून सांगते. साध्या लॅपटॉपमध्ये एकच स्वयंपाकी असतो. भाजी तोच करतो, पोळ्याही तोच लाटतो. चित्रं हलवायचं काम म्हणजे पोळ्या. गेम लावला की पाहुणे वाढतात आणि त्याची तारांबळ उडते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे पोळ्यांना वेगळी बाई ठेवणं. काम पटापट होतं, पण तिचं खाणंपिणं आलं. वीज जास्त, गरमी जास्त, वजन जास्त. हलका, थंड आणि गेमला तेज, असं तिन्ही एकत्र मागितलं की दुकानदार हो म्हणतो आणि आयटीवाला गप्प बसतो.

शनिवारी दुपारी आम्ही दादरला दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने सुरुवातीलाच एक भला थोरला काळा लॅपटॉप समोर ठेवला.

“गेमिंग ना ताई? हा बघा. कीबोर्डमधून सात कलरचा लाइट येतो.”

“हॉस्पिटलच्या गेटवर बॅग उघडून दाखवावी लागते हो,” स्नेहल म्हणाली. “हा काढला तर सगळी सिक्युरिटी गोळा होईल.”

“कोणता गेम खेळता?”

“ट्रकचा.”

“ट्रकचा?” त्याने सात कलरवाला उचलून ठेवला. “मग ताई, कुठलाही घ्या. साधाही चालेल.”

त्याच्या शेजारचा म्हणाला, साधा अजिबात चालणार नाही. दोघांची आपापसात जुंपली. तिसऱ्याने हातात धरून खेळायचं छोटं यंत्र आणून दाखवलं. लॅपटॉपच कशाला, हे खिशात मावतं, म्हणाला. मला ते पटलंही होतं.

“नको,” स्नेहल म्हणाली. “कीबोर्ड लागतो. आणि माइक चांगला हवा.”

“ट्रक चालवायला माइक कशाला?” मी विचारलं.

“बोलावं लागतं.”

“कोणाशी?”

“असतात एक जण. सोबत गाडी चालवतात.”

तेव्हा मला कळलं की या गेममध्ये वेगवेगळ्या गावांतली माणसं इंटरनेटवरून एकाच रस्त्यावर येऊ शकतात. एकाचा ट्रक पुढे, दुसऱ्याचा मागे. मालही नेतात म्हणे, कुठल्या कुठल्या परदेशातल्या शहरांत. बरं, ‘असतात एक जण’ म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. मुलगी अविवाहित, कमावती. कोणीतरी असेल, मान देऊन बोलण्यासारखा. पुढे विचारणं बरं दिसलं नसतं.

शेवटी एक पातळसा राखाडी लॅपटॉप घेतला. ग्राफिक्स कार्ड छोटं, पण वेगळं. दिसायला ऑफिसचाच वाटावा असा. दुकानात गेम टाकून बघितला, मस्त पळत होता. स्नेहलचा चेहरा खुलला. मीही खूश. गेमबद्दल मला काडीची माहिती नसताना एक सल्ला बरोबर निघाला होता.

पुढच्या आठवड्यात नांदेडहून फोन.

“मॅडम, अडकतोय.”

“काय अडकतोय?”

“गाडी. सुरुवातीला नीट चालते. थोड्या वेळाने चित्र तुटक तुटक यायला लागतं. मी वळण घेते आणि गाडी सरळ गेलेली असते.”

लॉजचं वाय-फाय, मी म्हटलं. मोबाइलचा हॉटस्पॉट लाव. तिने लावला. तेच. मुंबईला आल्यावर तिने लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी दुपारभर गेम चालू ठेवला. एकदाही अडकला नाही. येणारे-जाणारे बघत होते. देसाई सरही एकदा थबकले, माझ्या स्क्रीनवर ट्रक बघून काहीतरी बोलणार होते, पण पुढे गेले.

पुढची टूर जळगाव. पुन्हा फोन.

“मॅडम, अडकतोय.”

गरमी असेल, मी म्हटलं. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची भोकं बंद होतात, आत गरम हवा कोंडते आणि तो स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो. “टेबलावर ठेव.” टेबलावरच होता. “खाली काहीतरी देऊन उंच कर.” तिने लॉजवाल्याकडून ताट मागून आणलं, पालथं घातलं, त्यावर ठेवला. तेच. परत आल्यावर लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवला. त्यांनी ‘दोष आढळला नाही’ असं लिहून परत दिला. खरंच आढळत नव्हता. मुंबईत तो अडकायचाच नाही. टूरवर गेला की अडकायचा. इतक्या वर्षांत मी अनेक लॅपटॉप बघितले, पण गाव बघून वागणारा हा पहिलाच. ड्रायव्हर, म्हणजे आतले भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं, बदलली, सेटिंग बदललं, विंडोज नवीन टाकलं. एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नाही तेव्हा आयटीवाले विंडोज नवीन टाकतात. त्याने माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मग एका सकाळी देसाई सरांनी बोलावलं. समोर स्नेहलचा मेल उघडा होता.

“ही म्हणते टूर नको. ऑफिसमधलं कुठलंही काम द्या. पगार कमी झाला तरी चालेल. गायकवाड, तुमच्याशी बोलते ना ती? काय भानगड आहे?”

“माहीत नाही, सर.”

“तिचं काम म्हणजेच टूर. टूर नको तर मग काय उरलं? मला तिला सोडायचं नाहीये. लातूरचं मशीन तिच्याशिवाय कोण लावणार? बोला तिच्याशी.”

मी तिला कँटीनमध्ये गाठलं. चहा घेतला आणि सरळच विचारलं, “तो सोबत गाडी चालवणारा काही बोलला का? भांडण झालं का?”

स्नेहलला आधी कळेचना. मग कळल्यावर ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. हसता हसताच तिचे डोळे भरले.

“मॅडम, ते आप्पा आहेत. माझे वडील.”

दत्ताराम राणे, तिचे वडील. शिवडीला गोदीतून गोदामात आणि गोदामातून पार गुजरातपर्यंत ट्रक चालवण्यात त्यांचा जन्म गेला. गणपतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, हात परत आला, उजवा पाय मात्र अडला. फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. पाऊल दाबा, सोडा, दाबा, सोडा. आप्पा तोंड फिरवून पडायचे. खाटेवर पडून पाय हलवायला मी काय पाळण्यातलं पोर आहे का, म्हणायचे. मग स्नेहलच्या मामेभावाने त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला, सोबत स्टेअरिंग आणि पायाचे पेडल. गेमसाठी कॉम्प्युटरला लावायचे असतात तसे. ट्रकचा गेम लावला. उजव्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर आला आणि आप्पांनी तो दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

“बाई म्हणाल्या, हाच व्यायाम. रोज करू द्या. पण आप्पा एकटे चालवत नाहीत मॅडम. मी घरी असले की शेजारी बसते. टूरवर असले की लॉजमधून माझी गाडी त्यांच्या मागे लावते. ती अडकायला लागली की ते वैतागतात. थोडा वेळ बघतात आणि बंद करून झोपतात. जळगावनंतरच्या दोन टूरमध्ये तर हातच लावला नाही. पाय परत ताठ व्हायला लागलाय.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“ऑफिसच्या लॅपटॉपवर वडिलांचा व्यायाम करून घेते असं सांगितलं असतं तर सरांना पटलं असतं?”

मला तिचा राग आला, कीव आली, की स्वतःचीच लाज वाटली, ते तेव्हा ठरवता आलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं, की लातूरला जा. तिथून गाडी लाव. मी तुझ्या घरी आप्पांच्या बाजूला बसून बघते. एका टोकाकडून बघून काही सापडत नाही, तर दुसऱ्या टोकाला जाऊ.

लालबागला त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी गेले. स्नेहलच्या आईने दार उघडलं आणि आत तोंड करून म्हणाल्या, “अहो, स्नेहलच्या ऑफिसातल्या मॅडम इलेत.”

आप्पा खुर्चीत बसले होते. रुंद खांदे, बारीक झालेला पाय, समोर टेबलाला पकडीने आवळलेलं स्टेअरिंग. त्यांनी मला बसायला खूण केली.

“गाडी कधी चालवलीत काय?”

“नाही.”

“मग बरा. मधे बोलू नका.”

स्नेहल लातूरच्या लॉजवर पोचली होती. स्पीकरवर तिचा आवाज आला, “आप्पा, काढू?” आप्पांनी गियर टाकला. दोन ट्रक निघाले. थोडा वेळ सगळं सुरळीत. आप्पा आरशात बघून तिला सूचना देत होते, वळणावर आधीच ब्रेक मार, डावीकडे दाब. मी त्यांच्या पायाकडे बघत होते. पाऊल खाली जात होतं, वर येत होतं. तेवढ्यात मागचा ट्रक जागच्या जागी उड्या मारायला लागला.

“अडकला,” स्नेहलचा आवाज आला.

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. दोन्ही इंडिकेटर लावले आणि पेडलवरून पाय काढला.

“थांबलात का?” मी विचारलं.

“चेडू मागे रवला.”

“मुलगी मागे राहिली म्हणतात,” आई आतून म्हणाल्या.

“गेमच आहे आप्पा. तुम्ही पुढे जा, ती येईल.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी वावगं बोलून गेले असावे. “शिवडीतून दोन गाड्या सुटल्या की दोन पोचायच्या. एक टाकून मी कधी गेलो नाय.”

म्हणजे ते वैतागत नव्हते. ते थांबत होते. ती पोचेना, म्हणून शेवटी बंद करत होते. स्पीकरवर स्नेहल होतीच. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मी तिला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. “स्क्रीन नको दाखवूस. लॅपटॉप कुठे ठेवलायस, काय काय जोडलंय, सगळं दाखव.” तिने मोबाइल फिरवला. टेबल, पालथं ताट, त्यावर लॅपटॉप, बाजूला पाण्याची बाटली, आणि लॅपटॉपमधून भिंतीकडे गेलेली एक बारीक काळी वायर.

“हा चार्जर कुठला?”

“ऑफिसचा.”

“आणि या लॅपटॉपचा?”

“घरी. पलंगामागच्या प्लगला लावूनच ठेवलाय. दोन दोन कशाला वागवू मॅडम? पिन एकच आहे. चार्ज होतो की.”

मी मान वळवली. पलंगामागे प्लगला एक जाडजूड काळा चार्जर लटकत होता.

पिन एकच असते, ताकद एक नसते. ऑफिसच्या लॅपटॉपचा चार्जर पंचेचाळीस वॉटचा. नव्या लॅपटॉपला गेम चालवताना त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. कमी पडलेली वीज तो आधी बॅटरीतून काढतो, म्हणून सुरुवातीला नीट चालतो. मग बॅटरी वाचवायला ग्राफिक्सचा वेग पाडतो. कोपऱ्यात चार्जिंगचं चिन्ह मात्र दिसतच राहतं. माझ्याकडे ती लॅपटॉप आणायची तेव्हा घरून आणायची, मोठ्या चार्जरसकट. म्हणून मुंबईत तो शहाणा.

“चार्जर कमी ताकदीचा आहे, असा मेसेज आला नाही का कधी?”

“यायचा. मी ‘पुन्हा दाखवू नका’वर टिक केलं.”

आता लातूरला मोठा चार्जर कुठून आणणार? मी तिला गेमचं सेटिंग खाली आणायला लावलं. झाडांच्या सावल्या बंद, लांबचे डोंगर बंद, चित्राची बारीक नक्षी बंद. ग्राफिक्सचं काम हलकं केलं की कमी विजेतही भागतं. “कसंतरीच दिसतंय मॅडम, सगळं पत्र्याचं वाटतंय,” ती म्हणाली. पण गाडी हलली. आप्पांच्या आरशात तिचा ट्रक हळूहळू मोठा होत आला. त्यांनी इंडिकेटर बंद केले आणि पाय पेडलवर ठेवला. मी चहा प्यायले. ते दोघं कुठल्याशा बंदरात माल उतरवेपर्यंत मी तिथेच होते. मला जायला हवं होतं, पण उठवेना.

दुसऱ्या दिवशी देसाई सरांनी विचारलं, “काय निघालं?”

“चार्जर, सर.”

“कशाचा?”

“तिच्या लॅपटॉपचा. ती टूर करेल. मेल परत घेते म्हणाली.”

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “चार्जरसाठी ती नोकरीचं काम सोडत होती?”

मी वडिलांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, “मग हे आधीच मेलमध्ये लिहायचं ना.” त्यांना मेलमध्ये नसलेली गोष्ट खरी वाटत नाही. पण त्यानंतर स्नेहलच्या टूर लागोपाठ लागल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

उपाय अगदीच साधा होता. मोठा चार्जर दोन्ही लॅपटॉपला चालतो, छोटा चालत नाही. तिने छोटा घरी ठेवला, मोठा सॅकमध्ये टाकला. तेव्हापासून माझ्याकडे कोणी दुसऱ्या लॅपटॉपबद्दल विचारायला आलं, की रॅम आणि ग्राफिक्सच्या आधी मी विचारते, प्रवासात चार्जर कोणता नेणार? लोकांना वाटतं मॅडमचं डोकं फिरलंय.

काही महिने गेले. एकदा स्नेहलचा अकोल्याहून फोन आला. ‘अडकतोय’ हा शब्द यायची मी वाट बघत होते. तो आला नाही.

“मॅडम, आप्पा आता काठी घेऊन जिने उतरतात. खाली जुन्या ड्रायव्हर लोकांचा कट्टा आहे, तिथे बसतात. आठ वाजले तरी वर येत नाहीत.”

“मग चांगलंच की गं.”

“चांगलंच आहे. आई पण खूश आहे. आप्पा गेमवर येतच नाहीत पण. मी इकडे गाडी काढून बसते. एकटीला कुठे जायचं तेच कळत नाही. मॅडम, हा लॅपटॉप विकू की ठेवू?”

ग्राफिक्स कार्डबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं.

“अजून वॉरंटी आहे,” मी म्हटलं. “ठेव.”